नाही म्हणण्यापुरता दम

तिसऱ्या मजल्यावर कौसरबाईंच्या दाराबाहेर फिक्रीकाका भिंतीला हात टेकून धापा टाकत उभे होते, आणि नेमक्या त्याच वेळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला कौसरबाईंनी दार उघडलं.

"अगबाई, फिक्रीकाका. या ना आत. जेवायलाच बसतोय आम्ही."

आता हे वाक्य आमच्या अलेक्झांड्रियात दाराशी दिसेल त्याला म्हणायचंच असतं. पोस्टमनला म्हणतात, मीटर बघायला आलेल्याला म्हणतात, ज्याचं तोंड बघायची इच्छा नसते त्याला तर हटकून म्हणतात. त्यावर ऐकणाऱ्यानं काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे. "अल्ला तुमचं घर सदा भरलेलं ठेवो, आत्ताच जेवून निघालोय, पुन्हा कधीतरी नक्की." मग घरच्यांनी आणखी दोनदा आग्रह करायचा, याने छातीवर हात ठेवून मान हलवायची, की दोघंही आपापल्या कामाला मोकळे. नदीच्या मधोमध होडीत जेवत बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला "या जेवायला" म्हणून हाक घालतो ना, त्यातला हा प्रकार. आमच्याकडे याला नावाड्याचं आमंत्रणच म्हणतात. काठावरचा माणूस खरोखर पोहत येईल असं कुठल्याच नावाड्याच्या मनात नसतं.

फिक्रीकाका पोहत गेले.

त्यांचाही नाइलाज होता. "अल्ला तुमचं घर" एवढं म्हणायलासुद्धा छातीत हवा लागते, आणि ती सगळी दुसऱ्या मजल्यापर्यंतच संपली होती. त्यांनी तोंड उघडलं, त्यातून फक्त "हं... हं..." आलं. छातीवर हात ठेवावा तर तो आधीच छातीवर होता, त्यामुळे त्याचा नकार म्हणून हिशेबच झाला नाही. मान आडवी हलवायला गेले, तर धापेच्या ठेक्यात ती वरखाली हलली. कौसरबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे तेवढे मोठे झाले.

"या ना मग," त्या म्हणाल्या. दुसरं म्हणणार तरी काय?

आत टेबलावर मुलुखियाच्या पाल्याचा हिरवागार रस्सा होता आणि त्यात सशाचे चार तुकडे होते. नवरा, बायको, दोन मुली, तुकडे चार. पाचवे काका बसले. कौसरबाईंनी "मला आज भूकच नाही" असं म्हणत आपला तुकडा काकांच्या ताटात टाकला, आणि दोन्ही मुली जेवण संपेपर्यंत त्या तुकड्याकडे बघत बसल्या. सहा मिनिटांनी काकांना बोलण्यापुरता दम आला, पण तोवर निम्मा ससा पोटात गेला होता. तेव्हा नाही म्हणून काय उपयोग? आणि खरं सांगायचं तर चार माणसांत बसून गरम जेवल्याला त्यांना आठ महिने झाले होते. ससा घशात अडकत होता, पण फार चवीनं अडकत होता.

फिक्रीकाका म्हणजे कोर्टातले जुने पुकारेवाले. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली. त्यांच्या आवाजानं बाहेरच्या चहावाल्याचे ग्लास किणकिणायचे म्हणतात. बायको नफीसा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी इनास लग्न करून कुवेतला. जानेवारीतल्या वादळी पावसात काकांना न्यूमोनियानं गाठलं, सतरा दिवस दवाखान्यात काढले, आणि न्यूमोनिया गेला. दम मात्र त्याच्याबरोबर गेला तो परत आला नाही.

"एक्स-रे आरशासारखा स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले होते.

"मग दम का लागतो?"

"लागतो. दोन महिने लागेल, सहा महिने लागेल. आजार बरा होतो, छाती मागाहून बरी होते. रोज चाला. दम लागला की थांबायचं, आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसं हळूहळू सोडायचं."

"मी सहाव्या मजल्यावर राहतो, डॉक्टरसाहेब."

"लिफ्ट?"

लिफ्ट नऊ वर्षांपासून चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलेली आहे. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग जास्त वेळा थांबा."

तेव्हापासून काका दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर थांबत आणि चहा नसताना फुंकर घालत वर जात. एवढं सगळं चढून वर जायचं कशासाठी, तर शुक्रवारी दुपारी दोन वाजता इनासचा फोन यायचा. आठवड्यातून पाच मिनिटं. औषध, जेवण, नातवंडांची शाळा, आणि शेवटी इनास म्हणायची, "एकटे कशाला राहता बाबा, इकडेच या ना राहायला." त्यावर काका म्हणायचे, "नको गं बाळा, माझं इथं उत्तम चाललंय. समुद्र आहे, माणसं आहेत, पुन्हा कधीतरी नक्की." हे वाक्य धाप न लागता म्हणता यावं म्हणून ते दीड वाजल्यापासून फोनशेजारी गप्प बसून दम साठवायचे. आपल्याला अजून दम लागतो हे त्यांनी तिला कळू दिलं नव्हतं.

आणि प्रत्येक शुक्रवारी फोन ठेवला की त्यांना वाटायचं, हिनं आणखी एकदा म्हणावं. फक्त एकदा. घरात बाबाचं तोंड बघायला कुणी नाही, बाबाला ते घर खायला उठतं, हे बाबानं आपल्या तोंडानं थोडंच सांगायचं असतं? तिनं दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ते थोडे आढेवेढे घेऊन तयार झाले असते. इनास मात्र पहिल्याच नकाराला "बरं बाबा, जपा" म्हणायची आणि फोन बंद व्हायचा.

असो. ससा खाऊन काका घरी आले ते लाजेनं अर्धे होऊन. नावाड्याचं जेवण खाल्लेला माणूस अख्ख्या शहरात दुसरा नसेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी परतफेड म्हणून किलोभर बसबूसा कौसरबाईंकडे नेऊन दिली. तो गोड रवा बघून मुलींचा राग गेला, पण बातमी चौथ्या मजल्यावर गेली.

चौथ्यावर हज करून आलेले हाज मुतवल्ली राहतात. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आवाज मोठा, मन मोठं, आणि जीभ त्याहून मोठी. दोन दिवसांनी काका त्यांच्या दारापुढे फुंकर घालत उभे असताना हाजनी दार उघडलं.

"काय हो काका, तिसऱ्यावर ससा खाता आणि आमच्या दारावरून तसेच पुढं जाता? आम्ही काय परके?"

"हं... हं..." काका म्हणाले.

"काही ऐकायचं नाही. सोमवारी माझ्याकडे बदक खायला आला नाहीत, तर माझ्या बायकोला तलाक."

"हं..."

"झालं, शपथ झाली."

आतून हाजा तफीदा म्हणाल्या, "मला पणाला लावायच्या आधी घरात बदक आहे का ते तरी विचारायचं होतं. काका, या बरं का सोमवारी. एकतीस वर्षांत या माणसानं मला किती वेळा डावावर लावलंय त्याची गणती नाही. एकदा तर टरबूज लाल निघेल की नाही यावर."

सोमवारी काकांना जावंच लागलं. एका बाईचा संसार त्यांच्या जेवणावर अवलंबून होता. हाजनी बदक वाढलं, भात वाढला, पुन्हा बदक वाढलं. "पुरे" म्हणायला काका तोंड उघडत आणि त्यात घास घातला जाई. भरल्या पोटानं छातीला आणखीनच जागा उरली नाही, आणि उरलेले दोन मजले चढायला त्यांना पाऊण तास लागला. पाचव्यावर ते पायरीवरच बसले. तिथं एक जहाजावरचा इंजिनियर राहतो, तो वर्षातले दहा महिने समुद्रावर असतो. बंद दारापुढे बसून काकांना आयुष्यात प्रथमच दुसऱ्याचं घर रिकामं असल्याचं बरं वाटलं.

हे असं किती दिवस चालायचं? त्यांनी रात्री वहीतला कोरा कागद घेतला आणि कोर्टातल्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी लिहिली. 'आपल्या आमंत्रणाबद्दल आभारी आहे. मी आजारातून उठलो असून मला बोलताना दम लागतो. मी जेवलेला आहे. अल्ला आपलं घर सदा भरलेलं ठेवो.' दार उघडलं की बोलायचं नाही, चिठ्ठी पुढं करायची. चौतीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला कागदाइतका कशाचाच भरवसा वाटत नाही.

पण चौतीस वर्षं ते कोर्टात ज्या ट्रामनं जात होते, ती ट्राम त्या वेळी त्यांना आठवायला हवी होती. आमच्या ट्राममध्ये काही माणसं चढतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक चिठ्ठी ठेवतात. 'मी आजारी आहे, मला बोलता येत नाही, अल्ला तुमचं भलं करो.' शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन परत येतात आणि चिठ्ठ्या व मिळेल ते गोळा करतात. शहरातलं शेंबडं पोरसुद्धा चिठ्ठी बघितली की न वाचता समजतं.

दुसऱ्या मजल्यावर पंधरा दिवसांपूर्वी नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या बाईनं दार उघडलं, तर समोर एक म्हातारा, वाढलेली दाढी, घशातून शिट्टीसारखा आवाज, आणि पुढं केलेली चिठ्ठी. बाई मनानं चांगली होती. तिनं चिठ्ठी वाचली नाही, आत गेली आणि पिशवीत दोन रोट्या, चीज आणि चार टोमॅटो घालून आणले.

"घ्या, आजोबा. पण असं इमारतीत शिरत जाऊ नका. खालचा माणूस ओरडतो."

काकांनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. बाईला वाटलं, चिठ्ठी परत हवी आहे. तिनं चिठ्ठी परत दिली, पिशवी हातात कोंबली आणि दार लावून घेतलं. मग खिडकीतून खाली हाक मारली, "शाजली, अरे भिकारी जिन्यात येतात, तू करतोस काय दिवसभर?"

शाजली हा आमच्या इमारतीचा रखवालदार. वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचा, मानी गडी, आपल्या दारातून भिकारी आत गेला म्हटल्यावर काठी घेऊनच वर आला. समोर काका उभे, हातात पिशवी, पिशवीत रोट्या.

"काका, तुम्ही?" शाजली म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला सांगायचं होतं हो. माझ्या घरात काय, घासातला घास दिला असता."

"मी... भीक... नाही..." काका म्हणाले. एवढ्यावरच दम संपला आणि पुढचं सगळं हुंदक्यासारखं बाहेर पडलं.

"रडू नका काका," शाजली म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसायला लागला.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झालं की फिक्रीकाका दारोदार मागतात. ससा आठवला, बदक आठवलं, सगळ्याचा अर्थ लागला. खाली शाजलीच्या बाकाभोवती बैठक बसली, आणि औषध घेऊन परतणारे काका नेमके तिच्यात सापडले.

"आमच्या इमारतीतल्या माणसानं चिठ्ठी घेऊन फिरावं?" हाज मुतवल्ली म्हणाले. "आम्ही मेलो होतो का?"

"मी... ती... चिठ्ठी... नाही म्हणायला..."

"बोलायला लावू नका त्यांना, बघा कसं भरून येतंय," हाजा तफीदा म्हणाल्या.

"मुलीनं पैसे पाठवायचे बंद केले असतील," कौसरबाई हळूच म्हणाल्या.

इनासचं नाव निघालं तसे काका चिडले, आणि चिडले तसा दम आणखीच लागला. ते शाजलीच्या बाकावर बसले आणि फुंकर घालू लागले. ते बघून नव्या बाईला रडू आलं. शेवटी ठरलं, की रोज एका घरानं काकांचं ताट द्यायचं. वार वाटले गेले. ताट शाजली वर नेऊन दाराशी ठेवील, म्हणजे काकांना मागायची लाज नाही आणि कुणाला सहा मजले चढायला नको.

झालं भलतंच. ताट यायचं, माणूस यायचं नाही. काका दार उघडत तोवर शाजली पाचव्याच्या खाली पोचलेला असे. भरलेले कोबीचे रोल यायचे, मासळीभात यायचा, आणि काका खिडकीपाशी बसून एकटेच खायचे. आणि जिन्यातली दारं उघडायची बंद झाली. आता एकदा ताट दिलं म्हटल्यावर पुन्हा "या जेवायला" कशाला म्हणायचं? काका तिसऱ्यावर धापा टाकत उभे राहिले की आतला टीव्ही हळू व्हायचा आणि ते पुढं गेले की पुन्हा मोठा व्हायचा. एकदा तर त्यांनी चौथ्यावर गरजेपेक्षा दोन मिनिटं जास्त काढली, थोडे खोकलेसुद्धा. दार उघडलं नाही. त्या दिवशी त्यांना सशाची फार आठवण आली, सशापेक्षाही बघत बसलेल्या त्या दोन पोरींची.

पुढच्या शुक्रवारी इमामांनी प्रवचन लांबवलं. मशिदीतून निघता निघताच पावणेदोन झाले. इमारतीच्या दाराशी काका पोचले तेव्हा दोनला तीन मिनिटं कमी होती. फोन चुकला तर पुढचा शुक्रवार. काका कुठल्याच मजल्यावर न थांबता चढले. कसे चढले ते त्यांनाही सांगता येणार नाही. चौथ्याच्या पुढं त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. किल्ली कुलपात फिरत होती तेव्हा आत फोन वाजत होता, आणि नवव्या घंटीला त्यांनी तो उचलला.

"बाबा, किती वेळ लावलात. औषध घेताय ना? जेवताय ना? आवाज नीट येत नाहीये तुमचा. कामावरची मधली सुट्टी संपत आलीये, लवकर बोलते. पोरं बरी आहेत. एकटे कशाला राहता बाबा, इकडेच या ना राहायला."

आणि नेहमीप्रमाणे तिनं त्यांच्या नकारासाठी जागा सोडली.

काकांनी तोंड उघडलं. 'नको गं बाळा' मधला 'न'सुद्धा निघेना.

"हं... हं..."

"बाबा?"

"हं..."

"म्हणजे... येताय?"

"हं... हं..."

"खरंच येताय?"

"हं..."

पलीकडे इतकी शांतता झाली की काकांना वाटलं फोन कट झाला. मग इनास म्हणाली, "बरं. मी... मी येते बाबा. गुरुवारी. आल्यावर बोलू आपण."

काका फोनशेजारी बसून राहिले. दहा मिनिटांनी दम आला तेव्हा पहिला विचार आला, हे काय करून बसलो? ससा खाल्ला तो खाल्ला, आता पोरीचं घरही खाणार का? त्यांनी फोन उचलला, कुवेतचे आकडे निम्मे फिरवले आणि मधेच थांबले. त्यांनी बोटांवर मोजलं. 'या ना राहायला' हे एक. 'येताय?' हे दोन. 'खरंच येताय?' हे तीन. तीनदा विचारलं होतं तिनं. सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीनं तीनदा विचारलं होतं, आणि शिवाय न्यायला स्वतः येत होती. याहून खरं आमंत्रण आणखी कसं असतं? काकांनी फोन खाली ठेवला. त्यांना इतका आनंद झाला की नफीसाच्या फोटोला त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "ऐकलंस का, बोलावलं मला."

इमारतीनं बातमी ऐकली आणि सुटकेचा निःश्वास टाकला, हे लपवून काय करायचं? हाज मुतवल्ली म्हणाले, "पोरगी ती पोरगीच," आणि त्यावर कुठलीही शपथ घेतली नाही. नव्या बाईनं आपल्या वाराचं ताट गुरुवारऐवजी बुधवारीच पाठवून टाकलं. कौसरबाई मात्र दारात येऊन म्हणाल्या, "तुम्ही गेलात की वरचे दोन मजले अगदीच ओसाड होतील हो," आणि पटकन आत गेल्या.

काकांनी माळ्यावरची जुनी बॅग काढवून घेतली. तीन दिवस ते भरत होते. स्वेटर भरले, नफीसाचा फोटो पायजम्यात गुंडाळून भरला, इनाससाठी वाळवलेली मुलुखिया, जावयासाठी वेलची घातलेली कॉफी, नातवंडांसाठी समुद्रावरचे शंख. कोर्टातला पितळी बिल्लासुद्धा घातला, तिकडं कुणाला दाखवता येईल म्हणून. बुधवारी रात्री बॅगवर बसून त्यांनी कुलूप लावलं आणि दम खात तिथंच बसून राहिले.

गुरुवारी दुपारी खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. काका दार सताड उघडून खुर्चीत बसले. जिन्यातले पाय त्यांना ऐकू येत होते. पहिला मजला झपाझप झाला. दुसरा बरा झाला. तिसऱ्यावर पाय थांबले. कुवेतला सगळीकडे लिफ्ट, सगळीकडे गाडी, बारा वर्षांत पोरगी पायरी चढली नसावी. चौथ्यावर ती बराच वेळ थांबली. पाचव्यावर बसली असावी. काका इथून ते सगळे मुक्काम ओळखत होते.

इनास दारात आली ती चौकटीला धरूनच. चाळिशी गाठलेली, अंगानं सुटलेली, चेहरा लाल, कपाळाला रुमाल. विमानात बसल्यापासून तिनं काहीतरी पाठ केलं होतं आणि ते आता एकदम म्हणून टाकायचं होतं, हे काकांना दिसत होतं. अशीलही असेच यायचे कोर्टात.

"बाबा... ते... मला..."

"आधी बस."

"नाही... ऐका... तिथं... दोन खोल्या... सासूबाई पण... मुलं... सोफ्यावर..." पुढं दम नव्हता. ती छातीवर हात ठेवून उभी राहिली आणि डोळ्यांत पाणी आलं. धापेमुळे की कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता. "मी म्हणत होते... दर वेळी... मला वाटलं... तुम्ही नेहमीसारखं..."

काकांना समजलं. होडी मधोमध होती. काठावरून कुणी पोहत येईल असं तिला वाटलंच नव्हतं, आणि बाबा पाण्यात उतरला म्हटल्यावर पोरगी घाबरून काठावर धावत आली होती. शरमेनं तिचं तोंड बघवत नव्हतं. हे वाक्य तिनं पुरं केलं असतं तर ते दोघांनाही जन्मभर पुरलं असतं.

काका सकाळपासून खुर्चीत बसून होते. छातीत काठोकाठ हवा होती. ते उठून उभे राहिले, आणि चौतीस वर्षं ज्या आवाजात नावं पुकारली त्या आवाजात, एका दमात, कुठंही न अडखळता म्हणाले, "अल्ला तुझं घर सदा भरलेलं ठेवो, इनास. त्या दिवशी मी गडबडीत हो म्हणून बसलो, नंतर विचार केला तर काही जमायचं नाही बाळा. इथं समुद्र आहे, माणसं आहेत, रोज कुणाकडून तरी ताट येतं, आता म्हातारपणी नवं गाव मला नको. पुन्हा कधीतरी नक्की."

गेल्या चार महिन्यांत समोरच्या माणसाला तोंडावर दिलेला हा त्यांचा पहिला पुरा नकार. आवाज चौथ्यापर्यंत गेला असावा, कारण खाली कुणाचं तरी दार उघडलं.

इनासचे खांदे एकदम खाली आले. तिनं डोळे मिटले आणि फार दिवसांनी कुणीतरी ओझं उतरवून घ्यावं तसा श्वास सोडला. "तुम्हीच नको म्हणताय म्हटल्यावर..." ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

काका तिच्या पाठीवर थोपटत उभे राहिले. आमच्याकडे एका नकारावर कुणी थांबत नाही. ते थोडा वेळ तसेच थांबले. इनास बाजूला झाली, तिनं नाक पुसलं आणि पाणी मागितलं.

पाणी पिताना तिला खाटेशेजारची बॅग दिसली.

"ही काय भरून ठेवलीये बाबा?"

"थंडीचे कपडे," काका म्हणाले. "उन्हाळा आला ना. वर माळ्यावर टाकायची होती, मला उचलत नव्हती."

"मग मी आलेय ना. सरका." इनासनं स्टुलावर चढून बॅग दोन्ही हातांनी वर ढकलली आणि ती पुन्हा धापा टाकायला लागली. "अहो बाबा... एकट्या माणसाला... एवढे कपडे... लागतात?"

"हळूहळू सोड," काका म्हणाले. "ओठांचा चंबू कर. घाई करायची नाही."